घटक ४ : कलाकृतीचे ग्रहण – एका विस्मृत ध्वनिमुद्रिकेच्या आधारे

४.१ प्रस्तावना



मागील घटकात तुम्ही लेखकाच्या चरित्रातून कलाकृतीकडे पाहणारी समीक्षा आणि केवळ संहितेवर लक्ष ठेवणारी समीक्षा, अशा दोन पद्धतींचा परिचय करून घेतला. या दोन्ही पद्धतींत एक व्यक्ती दाराबाहेरच उभी राहते. ती म्हणजे वाचक, प्रेक्षक किंवा श्रोता. कलाकृती कोणाच्या हाती पडली, त्याने तिला कोणत्या नावाने ओळखले, पुढे दुसऱ्या कोणी तिला वेगळे नाव दिले तर तिचा अर्थ बदलला की फक्त नाव बदलले, हे प्रश्न ज्या विचारात हाताळले जातात त्याला आपण ग्रहणविचार म्हणू.

जर्मन अभ्यासक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कोन्स्टान्झ विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात या विचाराची मांडणी केली. त्यांची मध्यवर्ती संकल्पना आहे ‘अपेक्षांचे क्षितिज’. शब्द भारदस्त असला तरी अनुभव तुमच्या परिचयाचा आहे. तमाशाच्या तंबूत बसलेला प्रेक्षक गण आणि गवळण यांची वाट पाहतो. गण झालाच नाही, तर काहीतरी चुकले असे त्याला वाटते किंवा हे काहीतरी नवे आहे असे वाटते. या दोहोंपैकी काय वाटेल हे त्याने पूर्वी काय पाहिले आहे यावर अवलंबून असते. पूर्वानुभवातून तयार झालेली ही अपेक्षांची चौकट म्हणजे त्याचे क्षितिज.

हा विचार समजून घेण्यासाठी मी मराठी कादंबरी न निवडता संगीताची एक ध्वनिमुद्रिका निवडली आहे. परिचित साहित्यकृतींविषयी आपली मते बहुधा आधीच तयार असतात; शाळेतील धड्यांनी आणि मार्गदर्शकांनी ती तयार करून दिलेली असतात. या ध्वनिमुद्रिकेविषयी तुमच्यापैकी बहुतेकांचे मत अद्याप बनलेले नसेल. शिवाय तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या ग्रहणात अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. इतके स्वच्छ उदाहरण साहित्यात सहसा मिळत नाही.

४.२ १९८२ : तबकडी आणि तिचा कर्ता

चरणजीत सिंग (१९४०–२०१५) हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक होते. गिटार, बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड हे विजेवर चालणारे अकॉर्डियन आणि पुढे सिंथेसायझर ही वाद्ये ते वाजवीत. शंकर–जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत–प्यारेलाल अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केले. अशा वादकांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत क्वचितच येत. गाणे संगीतकाराच्या आणि गायकाच्या नावाने लोकांच्या ओठी राही, आणि वादक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या स्टुडिओत दुसऱ्या गाण्यासाठी हजर होई. नवी वाद्ये विकत घेऊन ती वापरात आणण्याचे कामही पुष्कळदा याच मंडळींनी केले.

१९८२ साली सिंग यांनी स्वतःच्या नावाने एक लाँग प्ले तबकडी काढली. एचएमव्हीच्या स्टुडिओत तिचे ध्वनिमुद्रण दोन दिवसांत झाले. तिचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. तिच्यात दहा राग आहेत. पहिल्या बाजूस भैरवी, ललित, भूपाळी, तोडी आणि मधुवंती. दुसऱ्या बाजूस मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येक रागास काही मिनिटेच दिलेली आहेत. साथीला एकही वादक नाही. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे तेवढी आहेत. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर मुख्य सुरावट वाजवतो, टीआर-८०८ हे तालयंत्र ठेका धरते आणि टीबी-३०३ हे लहानसे यंत्र खर्जातील स्वरांचा आकृतिबंध सतत फिरवत ठेवते.

शीर्षकाकडे जरा थांबून पाहा. भाषेच्या विद्यार्थ्याने शीर्षकावरून घाईने पुढे जाऊ नये. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत : काय वापरले (सिंथेसायझर), काय वाजवले (दहा राग) आणि कशावर वाजवले (डिस्कोचा ठेका). मिठाईच्या खोक्यावर आतील जिन्नस लिहावेत तसे हे शीर्षक आहे. ‘प्रयोग’ हा शब्द त्यात नाही, ‘नवे’ हा नाही, ‘भविष्य’ तर नाहीच. आज सिंग यांच्या नावामागे ‘प्रयोगशील’ हे विशेषण सर्रास लावले जाते. त्यांच्या शीर्षकात त्याला आधार नाही. ते पुढच्या श्रोत्यांनी जोडलेले आहे.

सिंग यांचा स्वतःचा खुलासाही असाच साधा होता. त्या काळी चित्रपटांत डिस्कोची चलती होती, तेव्हा डिस्कोचाच ठेका घेऊन काही निराळे करावे, त्यावर आपले राग वाजवावेत आणि तबला बंद ठेवावा, अशी कल्पना सुचली, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटातील नाझिया हसन यांचे गाणे घरोघर वाजत होते. ‘डिस्को डान्सर’ याच १९८२ सालचा. म्हणजे ठेक्याची निवड काळाला धरून होती. काळाला धरून नव्हते ते तबला बंद ठेवणे.

४.३ पहिले क्षितिज

तबकडी खपली नाही, आणि काही वर्षांत ती विस्मरणात गेली. का खपली नाही, याची एक बाजू सहज ध्यानात येते. दुकानात ती कोणत्या कप्प्यात ठेवायची? शास्त्रीय संगीताच्या कप्प्यात विलायत खाँ, भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर. वाद्यसंगीताच्या कप्प्यात चित्रपटगीतांच्या धुना. त्या ओळखू येत म्हणून विकल्या जात. डिस्कोच्या कप्प्यात गाणारा आवाज आणि नाचता येईल असे शब्द. ही तबकडी तिन्ही कप्प्यांच्या मधोमध पडली.

दुसरी बाजू मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. रागसंगीताच्या श्रोत्याचे क्षितिज नेमके कशाने घडलेले असते? मागे एका संपर्कसत्रात मी या तबकडीतील पहिला राग वर्गाला ऐकवला होता. वर्गात गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक गृहस्थ विद्यार्थी होते, वयाने माझ्याहून मोठे. ऐकून झाल्यावर त्यांनी यंत्राविषयी किंवा ठेक्याविषयी काहीच विचारले नाही. ते म्हणाले, “सर, भैरवी आधीच कशी काय? मग पुढं काय वाजवणार?”

हा प्रश्न मला त्या तबकडीवरील पुष्कळ लेखनापेक्षा मोलाचा वाटतो. भैरवी शास्त्राने सकाळची मानली असली, तरी मैफलीच्या संकेतात ती समाप्तीची खूण आहे. भैरवी सुरू झाली की श्रोता चपला शोधू लागतो. सिंग यांची तबकडी भैरवीनेच सुरू होते. त्यांनी हे जाणूनबुजून केले की चित्रपटवादकाला मैफलीच्या संकेताचे ओझे वाटले नाही, हे आपण ठरवू शकत नाही. ठरवण्याची गरजही नाही. ग्रहणाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, मैफल ऐकणाऱ्या श्रोत्याला पहिल्याच मिनिटाला आपले क्षितिज मोडल्याचे जाणवते. युरोपातील श्रोत्याला तेथे काहीच जाणवत नाही. त्याच्या लेखी तो पहिला तुकडा असतो, एवढेच.

यंत्राच्या पट्ट्यांविषयीचा आक्षेपही लक्षात घ्यावा. रागातील स्वर ठरावीक उंचीवर स्थिर नसतो. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरलेला असतो आणि त्याला आंदोलन लागते. पट्ट्यांच्या वाद्यात प्रत्येक स्वराची जागा बांधलेली असते. याच कारणाने आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला बंदी होती. महाराष्ट्रातील पेटीवादकांना आणि नाट्यसंगीताच्या रसिकांना ती सल आजही आठवते. पेटीबद्दल ज्यांचे मन इतके साशंक होते त्यांनी विजेच्या पट्ट्यांवरील तोडी स्वीकारावी, ही अपेक्षा फारच मोठी होती. आणि स्पष्ट सांगायचे तर, या तबकडीतील तोडी मलाही पटत नाही. पाच स्वरांची भूपाळी यंत्राला मानवते. पंचम वर्ज्य असलेला, दोन्ही मध्यमांचा ललित तर या कोरड्या, चकचकीत आवाजात अनपेक्षितपणे खुलतो. तोडीत मात्र जे ऐकू यायला हवे ते दोन पट्ट्यांच्या फटीत हरवते.

स्वयं-अध्ययन १ : तुमच्या परिसरातील एखादा संकेत आठवा (कीर्तन, भारूड, लग्नातील मंगलाष्टके, गणपतीची आरती). त्यातील क्रम बदलला तर श्रोत्यांची प्रतिक्रिया काय होईल? ती ‘चूक’ ठरेल की ‘नवे’, हे कोण ठरवेल? पाच-सहा वाक्ये लिहा.

४.४ २०१० : दुसरे क्षितिज

२००२ साली एदो बौमान या डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीतील एका दुकानात मिळाली. पुढे त्यांनी सिंग यांना मुंबईत शोधून काढले आणि २०१० साली ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या संस्थेतर्फे ती पुन्हा प्रकाशित केली. युरोप-अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या श्रोत्यांत खळबळ उडाली. त्यांच्या कानांना हे संगीत ‘अ‍ॅसिड हाऊस’ या नृत्यसंगीतासारखे वाटले, आणि त्या प्रकाराचा जन्म तर शिकागोत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्या प्रकाराची आद्य कृती मानली जाणारी ‘फ्यूचर’ या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ सालची. मग १९८२ सालची ही मुंबईची तबकडी कोठून आली?

पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. ही जुनी तबकडी नसून कोणीतरी केलेली थट्टा असावी, बहुधा ‘एफेक्स ट्विन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ब्रिटिश कलावंताने केलेली, अशी कुजबुज झाली. अपेक्षांचे क्षितिज किती बळकट असते, हे येथे दिसते. मुंबईतील एका वादकाने स्वतःच्या डोक्याने हे केले, यापेक्षा एका युरोपीय कलावंताने खोटी भारतीय तबकडी रचली, हे काही श्रोत्यांना अधिक संभवनीय वाटले.

तबकडी खरी असल्याचे सिद्ध झाल्यावर दुसरी प्रतिक्रिया आली ती गौरवाची. ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातील २०११ च्या एका लेखाचे शीर्षकच असे होते की, चरणजीत सिंग यांनी अ‍ॅसिड हाऊसचा शोध चुकून लावला. पुढे त्यांना युरोपातून निमंत्रणे आली, आणि सत्तरी ओलांडलेल्या या वादकाने तरुण श्रोत्यांपुढे ते राग पुन्हा वाजवले. त्यांच्या आयुष्याच्या दृष्टीने ही निःसंशय आनंदाची गोष्ट होती. आपले काम मात्र त्या वाक्यातील शब्द तपासण्याचे आहे.

‘अ‍ॅसिड हाऊस’ हा शब्द १९८२ साली अस्तित्वात नव्हता. जी वस्तू नावासह पुढे जन्मली, तिचा शोध आधी कसा लागेल? ‘चुकून’ हा शब्द तर अधिकच अडचणीचा आहे. ज्याने दहा राग निवडले, तीन यंत्रे जुळवली, तबला जाणीवपूर्वक वगळला, त्याच्या हातून काय ‘चुकले’? शिकागोला जाण्याचा ज्याचा हेतूच नव्हता, तो वाट चुकून शिकागोला पोहोचला असे म्हणण्यासारखे हे आहे. बौमान यांनी सांगितलेली एक आठवण येथे उपयोगी पडते. हा अ‍ॅसिडसारखा आवाज तुम्हाला कसा सुचला, असे त्यांनी सिंग यांना विचारले, तेव्हा सिंग यांना प्रश्नच नीटसा उमगला नाही. हे अज्ञान नव्हे. प्रश्नाची भाषा एका क्षितिजातली होती आणि उत्तर देणारा दुसऱ्या क्षितिजात उभा होता.

४.५ साम्य कशामुळे?

असे असले तरी साम्य खरे आहे. ते कानांना जाणवते. नाकारता येत नाही. मग ते समजावून कसे सांगायचे? येथे भाषाशास्त्राची मदत घेता येईल.

दोन भाषांतील शब्द सारखे दिसले की भाषाशास्त्रज्ञ लगेच नाते जोडत नाही. साम्य वारशाने आलेले असते, उसनवारीने येते, समान परिस्थितीमुळे उद्भवते किंवा निव्वळ योगायोगाने घडते. ‘बदनाम’, ‘बदसूरत’ या शब्दांतील फारसी ‘बद’ आणि त्याच अर्थाचा इंग्रजी ‘बॅड’ यांच्यात उच्चाराचे आणि अर्थाचे साम्य आहे. फारसी आणि इंग्रजी या एकाच मोठ्या कुळातील भाषाही आहेत. तरी हे दोन शब्द एका मुळातून आलेले नाहीत. हे साम्य योगायोगाचे आहे.

ही पद्धत आपल्या उदाहरणाला लावू. वारसा नाही. उसनवारी असावी, तर शिकागोच्या कलावंतांनी सिंग यांची तबकडी ऐकल्याचा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. केवळ योगायोग म्हणावे, तर साम्य फार ठळक आहे. उरते ते समान परिस्थितीतून आलेले साम्य, आणि माझ्या मते खरे उत्तर तेथेच आहे.

एक परिस्थिती यंत्राची. टीबी-३०३ हे यंत्र एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवले गेले होते. त्यात सोळा पायऱ्यांचा आकृतिबंध भरता येतो, हवा तो स्वर ठळक करता येतो आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. बेस गिटारसारखा आवाज त्यातून निघेना, म्हणून ते फारसे विकले गेले नाही आणि १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले. पुढे ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले, आणि शिकागोच्या तरुणांनी त्याच्या कळा उलटसुलट फिरवून त्यातून विव्हळणारा, कुरकुरणारा आवाज काढला. त्या आवाजालाच पुढे ‘अ‍ॅसिड’ म्हटले गेले. सिंग यांनी हेच यंत्र नवे असताना घेतले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे ही सोय त्यांच्या कामाची होती, कारण रागाला मींड लागते.

दुसरी परिस्थिती रचनेची. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात स्वरसंघात बदलत राहतात आणि त्या बदलांतून गाणे पुढे सरकते. रागसंगीतात षड्ज अचल असतो. सारी हालचाल त्याच्या संदर्भात होते. अ‍ॅसिड हाऊसमध्येही स्वरसंघातांची ये-जा जवळजवळ नसते. एक आधारस्वर, एक अखंड ठेका आणि त्यांवर सावकाश रूप बदलत जाणारा लहानसा आकृतिबंध, एवढ्यावर ते उभे असते. एकच यंत्र आणि आधारस्वर न सोडण्याचा एकच नियम, असे दोन ठिकाणी जुळून आले. एका ठिकाणी तो नियम शतकांच्या परंपरेने दिला होता, दुसऱ्या ठिकाणी रात्रभर चालणाऱ्या नाचाने.

ही मीमांसा स्वीकारली की ‘आधी कोण?’ या प्रश्नाचा जोर ओसरतो. शिकागोतील कृष्णवर्णीय तरुणांचे श्रेय कमी होत नाही, आणि सिंग यांना त्यांच्या रांगेत पहिल्या क्रमांकावर उभे करण्याचीही गरज उरत नाही. आपल्याकडील वृत्तपत्रांनी तो पहिला क्रमांक अभिमानाने मिरवला, हे समजण्यासारखे आहे. पण त्या अभिमानातही मोजपट्टी परकीच राहिली. कृती मोठी का, तर ती दुसऱ्या कोणासारखी त्याच्या आधी होती म्हणून. यंत्रावर ललित कसा वाजवला, हे मात्र क्वचितच कोणी विचारले.

४.६ ‘काळाच्या पुढे’ : एका शब्दप्रयोगाची तपासणी

तुमच्या उत्तरपत्रिका तपासताना मला एक वाक्य वारंवार भेटते : ‘ही कलाकृती काळाच्या पुढे होती.’ केशवसुतांविषयी ते येते, मर्ढेकरांविषयी येते, ताराबाई शिंदे यांच्याविषयी तर हमखास येते. वाक्य गौरवाचे वाटते, परंतु त्यात एक गृहीतक दडलेले असते : काळ एकाच रस्त्याने चालतो, तो रस्ता आपल्यापर्यंत येतो आणि कलाकृतीची किंमत ती आपल्या किती जवळ आहे यावर ठरते.

ताराबाईंचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली प्रसिद्ध झाले; सिंग यांच्या तबकडीच्या बरोबर शंभर वर्षे आधी. तेही विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. त्यानंतर भारतातील आद्य स्त्रीवादी लेखनांपैकी एक म्हणून त्याचे वाचन होऊ लागले. हे वाचन चुकीचे नाही. परंतु जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, हे विसरले की चित्र बिघडते. त्या पुस्तकाला समजून घेणारा वाचक त्याच्या स्वतःच्या काळात होता. काळात तो होता, म्हणजे पुस्तकही काळातच होते. ते ‘पुढे’ होते असे म्हणताना आपण तो वाचक पुसून टाकतो, आणि ज्यांनी पुस्तक दडपले वा दुर्लक्षिले त्यांनाही नकळत सोडून देतो. काळच मागे होता, मग त्यांचा काय दोष?

सिंग यांच्याबाबत असा समकालीन कैवारी आपल्याला ठाऊक नाही. परंतु भारतात त्या आधी इलेक्ट्रॉनिक संगीत नव्हतेच, हा समजही बरोबर नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिरचना संस्थेत १९६९ सालीच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत विजेची वाद्ये रुळली होती. सिंग निर्वात पोकळीतून आले नाहीत. ते एका कामकरी परंपरेतून आले. तिची नोंद ठेवण्याची फिकीर फारशी कोणी केली नाही, म्हणून पुढे ते ‘अचानक’ उगवल्यासारखे दिसले.

स्वयं-अध्ययन २ : ‘काळाच्या पुढे’ हा शब्दप्रयोग न वापरता ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकाच्या १८८२ आणि १९७५ नंतरच्या ग्रहणातील फरक दीडशे शब्दांत स्पष्ट करा.

उपक्रम : चरणजीत सिंग यांच्या तबकडीतील यमन किंवा मालकंस ऐका. त्याच दिवशी तोच राग एखाद्या गायकाचा किंवा सतारवादकाचाही ऐका; क्रम तुमच्या इच्छेनुसार ठेवा. त्यानंतर ज्यांनी यांपैकी काहीही ऐकलेले नाही अशा घरातील वा शेजारच्या एका व्यक्तीला सिंग यांचा राग ऐकवा. कलावंताचे नाव, साल आणि हे पाठ्यपुस्तक यांविषयी तिला आधी काही सांगू नका. तिने उच्चारलेले पहिले वाक्य जसेच्या तसे, तिच्याच बोलीत, वहीत लिहून संपर्कसत्राला घेऊन या.